आईची छाती उघडायची, भावाची नाही: असं का?

प्रश्न खानापूर तालुक्यातून आला आहे, तो थोडक्यात असा. आई ५२ वर्षांची. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली) आकसलेली, नाडी गेली काही वर्षं कायम अनियमित. बेळगावात झडप बदलायला सांगितली आहे आणि "त्यातच मेझ पण करून टाकू" म्हणाले आहेत. धाकटा भाऊ २४ वर्षांचा. बसल्या जागी एकदम १९० ठोके, वीसेक मिनिटांनी एकदम बंद. त्याला "मांडीतून वायर घालून आत जाळायचं" असं सांगितलं आहे. दोघांनाही धडधडच होते, मग आईचंही वायरनेच का नाही?

आधी सरळ उत्तर. दोघांचे आजार वेगळे आहेत, हाताला नाडी जलद लागते एवढंच साम्य. भावाच्या हृदयात विजेची एक जादा वाट आहे. ती नेमक्या जागी चार-सहा मिलिमीटर जाळली की काम झालं. आईच्या डाव्या वरच्या कप्प्याची भिंतच ताणून ताणून बिघडलेली आहे. छाती उघडायची ती झडपेसाठी. मेझ, म्हणजे अनियमित नाडीसाठी वरच्या कप्प्याच्या भिंतीवर मुद्दाम व्रणाच्या रेषा ओढणं, हे त्या उघडलेल्या छातीत उरकून घ्यायचं काम आहे. झडप ठीक असती तर नुसत्या अनियमित नाडीसाठी छाती मधोमध उघडायचा सल्ला आज क्वचितच कुणी देईल.

भावाचं आधी घेऊ, ते सोपं आहे.

वरच्या कप्प्यातली वीज खाली उतरायला एकच रीतसर वाट असते, एव्ही नोड. तिथे वीज मुद्दाम रेंगाळते, साधारण सेकंदाचा दहावा भाग. काही जणांत या नोडपाशी दोन पाट असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा अवेळी ठोका पडला की वीज संथ पाटाने खाली जाते, जलद पाटाने वर येते आणि तिथल्या तिथे गरगरत राहते. हा एव्हीएनआरटी. दुसऱ्या प्रकारात नोडपासून दूर, झडपेच्या कडेला स्नायूचा एक जन्मजात धागा राहून गेलेला असतो. तो एव्हीआरटी. हा धागा एरवीच्या शांत ईसीजीतही दिसत असेल तर डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. चोविशीतला मुलगा, अचानक सुरू आणि अचानक बंद, म्हणजे बहुधा या दोहोंपैकी एक. पण बहुधावर कुणाला टेबलावर घेत नाहीत. त्यासाठी धडधड चालू असतानाचा बारा लीडचा ईसीजी लागतो, आणि नेमका तोच बहुतेकांच्या फाइलमध्ये नसतो.

होतं काय, की मुलगा जवळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके जागेवर आलेले असतात, किंवा घाईत आधी इंजेक्शन दिलं जातं आणि ईसीजी नंतर काढतात. रक्तदाब ठीक असेल आणि शुद्ध असेल तर आधी ईसीजी, मग इंजेक्शन, असा आग्रह धरा. आणि अॅडिनोसिन, म्हणजे धडधड तोडायचं ते इंजेक्शन, देताना मशीन चालूच ठेवून कागदाची लांब पट्टी काढायला सांगा. ठोके तुटतात त्या दोन-तीन सेकंदांत रोगाचं नाव लिहिलेलं असतं. हे औषध कोपरातल्या मोठ्या शिरेत ६ मिलिग्रॅम एका दमात, लगेच मागून २० मिली सलाईन आणि हात वर, असंच द्यावं लागतं. मनगटाच्या बारीक शिरेत सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचण्याआधीच रक्तात विरून जातं आणि "औषध लागू पडलं नाही" अशी चुकीची नोंद होते. न तुटल्यास पुढचा डोस १२ मिलिग्रॅम. काही सेकंद छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, हे रुग्णाला आधी सांगितलेलं बरं. दमा असणाऱ्याला शक्यतो देत नाहीत.

तो कागद जपायचा कसा, हेही सांगतो, कारण यात फार नुकसान होतं. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. वर्षभरात फिकट होतो, उन्हात ठेवलेल्या गाडीत आणखी लवकर. कुणीतरी मोठ्या काळजीने तो लॅमिनेट करून आणतं, आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडलेला असतो. काढल्या दिवशीच झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो, दोन्ही करा. घरी पडताळायचं असेल तर साध्या कागदाच्या कडेवर दोन शेजारच्या उंच टोकांच्या खुणा करा आणि तो कागद पट्टीवर पुढे सरकवत न्या. प्रत्येक टोक खुणेवर बसलं तर ठोके जलद पण नियमित आहेत, हे भावाचं चित्र. खुणा कुठेच जुळत नसतील तर ते आईचं, म्हणजे एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर). वेग काढायचा तर दोन टोकांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा. दीड चौकोन म्हणजे २००.

धडधड सुरू झाल्यावर भावाला घरी करता येण्यासारखं एक आहे. १० मिलीची सिरिंज, अर्थात सुई काढून. त्याला पाठीला आधार देऊन अर्धवट टेकवून बसवा. दट्ट्या जेमतेम हलेल एवढ्या जोराने १५ सेकंद फुंकायला सांगा. फुंकणं संपताच त्याला सपाट झोपवून दुसऱ्याने दोन्ही पाय ४५ अंश उचलून १५ सेकंद धरायचे. इंग्लंडमधल्या २०१५ च्या चाचणीत या पद्धतीने १०० पैकी ४३ जणांचे ठोके जागेवर आले, नुसतं कुंथून १७ जणांचे. पाय उचलणं हाच त्यातला मुद्दा आहे, लोक तोच गाळतात. चक्कर, छातीत दुखणं, अंग गार पडणं यांपैकी काही असेल तर सिरिंज शोधत बसू नका, १०८ बोलवा.

शांत असतानाच्या ईसीजीत पीआर अंतर (वरच्या कप्प्याच्या लहरीपासून उंच टोकाच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि टोकाच्या पायथ्याशी तिरका चढ, ज्याला डेल्टा म्हणतात, दिसला असेल तर मात्र घाई करा. अशा माणसाला चुकून एएफ झालं तर वीज नोड टाळून त्या धाग्यातून बेफाम उतरते आणि जिवावर बेतू शकतं. तेव्हा व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन दिलं तर नोडची वाट बंद होऊन चोरवाट मोकळी राहते. म्हणून त्या ईसीजीची छोटी झेरॉक्स पाकिटात आधारकार्डासोबत असावी.

आता "वायर". एकेकाळी यासाठीही छाती उघडत. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९६८ मध्ये विल सीली या सर्जननी एका मच्छीमाराचा असाच धागा छाती उघडून कापला, आणि नंतर दोनेक दशकं हाच कायमचा उपाय होता. १९९० च्या सुमारास रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळणं आलं आणि ते ऑपरेशन जवळजवळ इतिहासजमा झालं.

प्रत्यक्षात असं होतं. ठोक्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार-पाच दिवस आधी बंद करतात, नाहीतर टेबलावर धडधड सुरूच होत नाही. सहा तास उपाशी. जांघेत भूल देऊन शिरेत दोन-तीन नळ्या, प्रत्येकी सव्वादोन-अडीच मिलिमीटर जाड. त्यांतून तारा आत जातात: एक वरच्या कप्प्यात, एक नोडच्या खाली हिस बंडलपाशी, एक खालच्या उजव्या कप्प्यात, एक कोरोनरी सायनस या हृदयाच्याच शिरेत. मग बाहेरून ठोके देऊन मुद्दाम धडधड सुरू करतात. भावाला सांगून ठेवा, नाहीतर नेमकी ती जुनी धडधड सुरू झाली की मुलं घाबरून उठायला बघतात. वाट सापडली की ४ मिलिमीटर टोकाची तार तिथे टेकवून ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, एका वेळी ३० ते ६० सेकंद. ५० अंशांच्या खाली पेशी फक्त बधिर होतात आणि पुन्हा जाग्या होतात. अर्धवट तापवणं आणि नंतर धडधड परत येणं, यांचा संबंध इथे आहे.

संथ पाट जाळताना तार नोडपासून काही मिलिमीटरवरच असते. जाळताना नोडचे स्वतःचे ठोके सावकाश उमटू लागले तर जागा बरोबर आहे. ते फार वेगाने येऊ लागले, किंवा त्यातली वीज वर परतेनाशी झाली, तर त्याच क्षणी पायाचा पेडल सोडायचा असतो. इथे दोन सेकंद उशीर म्हणजे कायमचा ब्लॉक आणि चोविसाव्या वर्षी पेसमेकर. सरावलेल्या हातात हे १०० त एकापेक्षाही कमी वेळा होतं, आणि यश ९५ च्या वर. जाळून झाल्यावर २०-३० मिनिटं थांबून पुन्हा धडधड काढायचा प्रयत्न करतात. हे थांबणं वाया गेलेला वेळ नव्हे. नंतर चार-सहा तास पाय सरळ, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी, आठवडाभर पोती उचलणं आणि मोटरसायकलला किक मारणं बंद.

एक व्यवहाराची गोष्ट. कॅथलॅब आहे म्हणजे ईपी, म्हणजे हृदयातली वीज तपासून जाळण्याची सोय, आहे असं नाही. अँजिओप्लास्टी तिथे रोज होत असेल, पण या कामाला वेगळं रेकॉर्डिंग यंत्र, स्टिम्युलेटर आणि हेच काम शिकलेला डॉक्टर लागतो. बेळगाव असो, कोल्हापूर, गोवा की बेंगळूर, फोनवर एवढंच विचारा: "ईपी स्टडी आणि आरएफ अॅब्लेशन तुमच्याकडे नियमित होतं का, कोण करतं?"

आता आईकडे येऊ.

वातज्वराने (रुमॅटिक फीवरने) आकसलेल्या झडपेमागे रक्त तुंबतं, वर्षानुवर्षं डावा वरचा कप्पा फुगत जातो, भिंतीत व्रण होतात. मग एक पाट राहत नाही. पावसाळ्यात बांध फुटलेल्या भाताच्या वाफ्यासारखी वीज कुठूनही कुठेही वाहते. मेझ म्हणजे या वाफ्यात नव्याने घातलेले बांध. भिंतीवर ठरलेल्या रेषांत मुद्दाम व्रण करायचे, व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे तिला गरगरायला मोकळी जागाच उरत नाही आणि ती वरून खाली एकाच वाटेने उतरते. जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये सेंट लुइस इथे हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं. तेव्हा भिंत खरोखर कापून पुन्हा शिवत. आता कापण्याऐवजी उष्णतेच्या चिमट्याने किंवा अतिथंड कांडीने रेषा ओढतात.

बांध कुठे? फुप्फुसाकडून येणाऱ्या चार शिरांभोवती, कारण १९९८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा याच शिरांच्या तोंडाशी पडते. तिथून एक रेषा मायट्रल झडपेच्या कड्यापर्यंत, एक डाव्या कानापर्यंत. कान म्हणजे कप्प्याला लटकलेली पिशवी, अपेंडेज. पूर्ण मेझमध्ये उजव्या कप्प्यातही रेषा असतात. काही ठिकाणी फक्त डाव्या बाजूच्या करतात. वेळ वाचतो, पण उजव्या बाजूचं फ्लटर, म्हणजे वीज एकाच वर्तुळात फिरून होणारी जलद धडधड, नंतर डोकं काढू शकतं. तुमच्याकडे कोणतं करणार हे विचाराच.

शेतकऱ्याला सांगायला नको की बांधाला बोटभर भगदाड राहिलं तर बांध नसल्यापेक्षा वाईट. पाणी तिथून जोरात धावतं. मेझचंही तसंच. रेषा भिंतीच्या आरपार नसेल किंवा मध्ये फट राहिली, तर अनियमित नाडी जाऊन नियमित पण जलद फ्लटर येतं, आणि ते गोळ्यांना एएफपेक्षाही दाद देत नाही. फट राहण्याची नेहमीची जागा म्हणजे मायट्रल कड्याजवळची रेषा. तिथे चरबी जाड, कोरोनरी सायनस शेजारी आणि हृदयाला रक्त पुरवणारी सर्कम्फ्लेक्स धमनी हाकेच्या अंतरावर. चिमटा तिथे शेवटपर्यंत पोचत नाही, म्हणून ते टोक थंड कांडीने पूर्ण करतात, साधारण दोन-तीन मिनिटं धरून. जपून नाही केलं तर धमनीला इजा आणि घाईने केलं तर फट. चिमट्याचा फायदा असा की भिंत त्याच्या दोन जबड्यांत येते, मधलं रक्त बाजूला होतं. एकाच बाजूने तापवलं तर आतलं वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि आतला थर कच्चा राहतो.

या सगळ्याने हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ साधारण वीस-तीस मिनिटांनी वाढतो. आईचं पंपिंग चांगलं असेल तर चालतं, फार कमी असेल तर सर्जन नको म्हणतील आणि ते योग्यच.

मेझ टिकेल का, हे बरंचसं आधीच कळतं. डावा कप्पा ५५-६० मिलिमीटरच्या पुढे गेलेला, एएफ पाच-सात वर्षांपेक्षा जुनं, ईसीजीत व्ही१ या लीडमधल्या लहरी इतक्या बारीक की रेष सपाट वाटते, अशा वेळी भिंतीत स्नायू कमी आणि व्रणच जास्त असतो. वातज्वराच्या झडपेत यश इतरांपेक्षा तसंही कमीच. इको रिपोर्टवर "एलए" समोरचा आकडा बघा आणि सर्जनला विचारा, "या आकड्यावर करून उपयोग आहे ना?" प्रामाणिक सर्जन कधी कधी म्हणतात, "मेझ सोडून देऊ, कान तेवढा बंद करू." माझ्या मते मोठ्या, जुन्या कप्प्यात हेच शहाणपणाचं.

कारण कान हा मेझपेक्षाही महत्त्वाचा असू शकतो. एएफमधल्या गुठळ्या बव्हंशी तिथेच बसतात आणि मेंदूकडे जातात. लाओस-३ या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले. त्यात हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी कान बंद केलेल्यांत साधारण पावणेचार वर्षांत पक्षाघात किंवा गुठळीचे प्रसंग ४.८ टक्के, न केलेल्यांत ७ टक्के, आणि तेही बहुतेक जण रक्त पातळ करणारी गोळी घेत असताना. पण बंद करायचा तर मुळापासून. सेंटिमीटरभर खुंट राहिला तर गुठळीला तिथे आणखी चांगला कोपरा मिळतो. टेबलावरच अन्ननलिकेतून इको करून खुंट आणि गळती तपासतात.

"आईचंही वायरने का नाही", याचं उरलेलं उत्तर इथे आहे. झडप आकसलेली ठेवून आत कितीही रेषा जाळल्या तरी मागचा दाब भिंत ताणतच राहतो, एएफ परत येतं. फुग्याने झडप उघडण्याचा मार्ग मात्र जरूर विचारा. गुठळी नसेल, गळती फार नसेल, पडदा मऊ असेल तर छाती न उघडता भागतं. बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी आड आलेलं असतं म्हणूनच ऑपरेशन सांगितलेलं असतं, पण कोणतं, ते तुम्हाला कळायला हवं.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन महिने नाडी पुन्हा अनियमित झाली तर मेझ फुकट गेलं असं समजू नका. सूज उतरेपर्यंत हे फार जणांना होतं. अमिओडॅरोन ही ठोके आवरणारी गोळी देतात, लागल्यास शॉक देऊन ठोके जागेवर आणतात. खरा हिशोब तीन महिन्यांनंतर, २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावून. शरीरात पाणीही साठतं, म्हणून काही आठवडे लघवीच्या गोळ्या आणि रोज सकाळी वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. शंभरात पाच-दहा जणांना पेसमेकर लागतो असं धरून चाला. बरेचदा तो मेझचा दोष नसतो, एएफखाली दबलेला, ठोके सुरू करणारा मूळ सायनस नोडच थकलेला असतो.

आणि अॅसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. "मेझ झालं, आता गोळी बंद" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. धातूची झडप बसली तर गोळी जन्मभर, मायट्रलला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) २.५ ते ३.५. जनावराच्या पेशीपासून केलेली झडप बसली तर निदान तीन महिने, पुढचं नाडीवर आणि गुठळीच्या धोक्यावर ठरतं. "तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या" धातूच्या झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रान या नव्या गोळीची तशी चाचणी २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली. वातज्वराच्या एएफमध्येही २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुनी, अॅसिट्रॉमच्या जातीची गोळीच सरस ठरली. अमिओडॅरोनसोबत अॅसिट्रॉमचा जोर आठवड्या-आठवड्याने वाढत जातो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासा. अमिओडॅरोन बंद केल्यावरही महिनोन्महिने परिणाम रेंगाळतो.

मेथी-पालक बंद करायला सांगणं चूक आहे. रोज सारखं खा, एवढंच. आपल्याकडे गडबड होते ती पावसाळ्यात, जांबोटी-कणकुंबीकडे टाकळा-कुरडू सुरू झाला की दोन आठवडे ताटात पालेभाजीच असते आणि आयएनआर खाली येतो. श्रावण संपला की उलट. त्या दिवसांत एक तपासणी जास्त करा. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक नको, आणि दात काढायच्या आधी डॉक्टरांना आयएनआरचं कार्ड दाखवा.

क्रम विचारला आहे तर: भावाला डेल्टा असेल तर तो आधी, नसेल तर आईचं आधी, भाऊ महिना-दोन महिने गोळीवर थांबू शकतो. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकवर करायचं असेल तर खासगी रुग्णालयासाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल आधी घ्या, तातडीचं सोडून. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली आहे. त्यावर कोल्हापूरकडे जायचा विचार असेल तर निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाव आणि पॅकेज दोन्ही विचारा, मेझ झडपेच्या पॅकेजमध्ये धरतात की वेगळं, हेही. रेशनकार्डावरचं कन्नडमधलं नाव आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग जुळतं का ते घरीच बघा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हे धावपळीने निघतं.

संमतीपत्र बहुधा इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असेल. आईला वाचता येत नसेल तर मराठीत सांगायला लावा, तो तिचा हक्क आहे. त्यावर झडप बदलणं, मेझ आणि डावा कान बंद करणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या दिसायला हव्यात. तिसरी नसेल तर सहीआधी विचारा.